फणेरपेटीच्या नोंदी : कागद, कात्री आणि अठरा हात व्हार्निश

४ ऑगस्ट, रविवार

ताईचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलं, २४ नोव्हेंबर. रुखवतात काय काय मांडायचं याची यादी सुरू झालीये. मी मध्येच बोलून गेलो, आईची फणेरपेटी मी करून देतो. पलीकडे जरा शांतता. मग, "अरे, रुखवत बायकांचं. तू काय करणार त्या पेटीचं?" म्हटलं, कागद चिकटवणार. "कागद?" एवढंच म्हणून तिने विषय बदलला.

ताईने माझे आधीचे प्रयोग पाहिलेले नाहीत. निवृत्त झाल्यापासून मी दोन पत्र्याचे डबे, एक ट्रे आणि हिचा पोळ्यांचा डबा (परवानगी न घेता) कागदाने मढवलेत. डेकूपाज म्हणतात त्याला. कागदाची कापलेली चित्रं वस्तूवर चिकटवायची आणि त्यावर व्हार्निशचे इतके हात द्यायचे, की कागदाची कड बोटाला लागता कामा नये. चित्र चिकटवलेलं नाही, रंगवलेलं वाटलं पाहिजे. एकतीस वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये मायक्रॉनशी झटापट केलेल्या माणसाला हे आवडायचंच.

पेटी माळ्यावरून काढली. सागवानी, बारा बाय आठ, उंची सहा इंच. आत फणी, करंडा आणि मेणाची डबी यांचे कप्पे, झाकणाला आतून आरसा. आरशाला काळे डाग पडलेत, ते तसेच राहू देणार. बाहेरून मात्र मागे कधीतरी कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट फासलाय. नितळ सागवान असतं तर त्यावर कागद लावायला हात धजावला नसता. त्या ऑइलपेंटने माझी सोय केली.

११ ऑगस्ट

रंग खरवडला. दोन दिवस आणि तीन पटाश्यांची धार गेली. बिजागऱ्या, कडी, कोयंडा काढून डबीत ठेवले. स्क्रू पितळी आहेत, डोकी झिजलेली, पण नवे घालणार नाही. झाकण आणि पेटीचा ओठ यांच्यातली फट मोजली : एका बाजूला ०.४ मिमी.

कुंकवाच्या कप्प्याचा तळ लालभडक आहे. ब्रशने झाडला, पुसला, तरी लाल. ते लाकडात मुरलंय.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो, मग भाचीशी व्हिडिओ कॉल. कोणती चित्रं हवीत? तिने आधीच बजावलं, "मामा, ते इंग्लिश गुलाब नकोत हं. आणि पंख असलेली गुबगुबीत बाळं पण नकोत." बाजारात डेकूपाजचे जे छापील कागद मिळतात त्यांत दुसरं काही नसतंच. मग तिला काय हवं? आजीच्या परसातली फुलं. गोकर्ण, प्राजक्त, जास्वंद, तगर. परस आता नाही, तिथे पार्किंग आहे.

गोकर्णीची आणि प्राजक्ताची जुनी, पानापानाची शीर दाखवणारी चित्रं कुठे मिळणार? रात्री आठवलं : हॉर्टस मलबारिकस. कोचीनचा डच कमांडर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर करवून घेतलेला लॅटिन ग्रंथ. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले बारा खंड. आपल्या दृष्टीने त्यातली मजा वेगळीच आहे. वनस्पतींची माहिती द्यायला इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते आणि त्यांचं १६७५ सालचं कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलंय. चित्रांवरही वनस्पतींची नावं लॅटिन अक्षरांबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरीत कोरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये नागरी! भाचीला स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाली, ती अक्षरं कापून टाकू नका.

प्राजक्त पहिल्या खंडात आहे, नाव 'मंजापुमेरम'. गोकर्ण आठव्यात, 'शंगकुस्पी', म्हणजे शंखपुष्पी.

१८ ऑगस्ट

ग्रंथाच्या स्कॅन केलेल्या प्रती मोकळ्या मिळतात, म्हणून अस्सल चित्रं कापायचं पाप माझ्या माथी नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मात्र अस्सल छापचित्रांवरच कात्री चालायची. मादमोआझेल आयसे या बाईंनी १७२७ साली एका पत्रात लिहिलंय, की रंगीत छापचित्रं कापायचं वेड गावभर पसरलंय आणि शंभर शंभर लिव्रची (तेव्हाचं फ्रेंच चलन) चित्रं बायका कापून टाकताहेत. कापलेली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायची, व्हार्निश द्यायचं आणि त्यांचे पडदे, भिंतीचे तक्ते करायचे.

अप्पा बळवंत चौकातून लेझर प्रिंट काढून आणल्या, प्रत्येक चित्र तीन आकारांत. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रिंट घ्यायची नाही. तिची शाई पाण्यात विरघळते आणि पहिल्या ओल्या हातालाच फुलं रडायला लागतात. ट्रे करताना हे शिकलो. लेझरचा टोनर भाजून बसलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. कागद ७५ जीएसएमचा. मायक्रोमीटरवर जाडी ०.१० मिमी. हा आकडा पुढे लागणार आहे.

२५ ऑगस्ट

पाऊस, पाऊस. माणसाने श्रावणात चपडीच्या वाटेला जाऊ नये.

कप्प्यांना आतून चपडीचा हात दिला. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यांनी केलेली लाख, शुद्ध करून पातळ पापुद्रे केलेली. स्पिरिटमध्ये विरघळते, पंधरा मिनिटांत वाळते. पण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि आतच अडकतं. तासाभरात कप्पे दुधी झाले. आर्द्रता मोजायचं यंत्र खिडकीत टांगलंय, ते ८८ टक्के दाखवतंय. चपडी लावल्यावर बघितलं, आधी नाही.

कुंकवाचा कप्पा तर दुधी सोडून नारिंगी झाला. कुंकू म्हणजे हळदच. हळदीचा रंग पाण्याला बधत नाही, स्पिरिटमध्ये सहज उतरतो. माझा ब्रश नारिंगी, बरणीतलं द्रावण नारिंगी, शेजारचा फणीचा कप्पा नारिंगी. ही म्हणाली, "अहो, राहू दे तसंच. कुंकवाच्याच पेटीला लागलंय ना?" राहू दिलं. दुधीपणा मात्र कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा फिरवून काढावा लागेल.

१ सप्टेंबर

दोन दिवस उघडीप, आर्द्रता ६७. बोळा फिरवला, कप्पे स्वच्छ. बाहेरून पांढरा प्रायमर, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासला, मग काळा मॅट.

काळा का? मेरी डेलनीमुळे. ही बाई १७०० साली जन्मली, दोनदा विधवा झाली आणि बहात्तराव्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलं करू लागली. एकेका फुलाला शेकडो तुकडे, मागे गडद काळा कागद. दहाएक वर्षांत ९८५ चित्रं केली, नजर गेली तेव्हा थांबली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत ती. व्हार्निशचं काम नव्हे ते, म्हणजे आमच्या जातीची म्हणता यायची नाही. पण काळ्यावरचं फूल कसं दिसतं हे तिच्याकडून घ्यावं. शिवाय माझं वय ६३, तेव्हा ती बाई मला आवडते.

३ सप्टेंबर

झाकणाच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यावर, दोन इंचांच्या पट्ट्यात काळा रंग टिकत नाहीये. लावला की मागे सरतो, मध्ये गोल गोल डोळे पडतात. घासून पुन्हा लावला. पुन्हा डोळे. प्रायमरच्या वेळीही तिथे थोडं फाटल्यासारखं झालं होतं, मी दुर्लक्ष केलं.

दिवसभर डोकं खाजवलं. संध्याकाळी ही चहा घेऊन आली, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईंचा अंगठा." रोज सकाळी बोटाने कपाळाला मेण लावायचं, त्यावर कुंकू, आणि त्याच हाताने तिथेच धरून झाकण लावायचं. चाळीस-पन्नास वर्षं. त्या जागी सागवानाने मेण प्यायलंय, आणि मेणावर कुठलाच रंग बसत नाही.

टर्पेंटाइनच्या चिंध्यांनी आठ-दहा वेळा पुसलं, दर वेळी नवी चिंधी, नाहीतर तेच मेण पसरतं. मग त्या जागेवर चपडीचा एक हात. मेणाळलेल्या लाकडावर धरून राहणारी वस्तू म्हणजे चपडीच. त्यावर काळा बसला.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. काम बंद. आरास मात्र कापलेल्या कागदाचीच.

१९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. शुभकार्य नको म्हणून ताईने आठवण केली. म्हटलं रंग भरणं हे शुभकार्य नाही, तयारी आहे.

रंग हिने भरले. माझा हात रेषेचा, रंगाचा नाही. पातळ वॉटर कलर, कोरलेल्या रेषा खालून दिसतील असा. अठराव्या शतकात व्हेनिसमध्येही कागद चिकटवून फर्निचर मढवायचे, तिथेही अशीच विभागणी होती : छापचित्रं बासानो गावच्या रेमोंदिनी छापखान्यातून यायची, रंग भरायला शिकाऊ पोरं, कापून चिकटवायला दुसरी. आमच्या कारखान्यात शिकाऊ मी आहे असं एकूण दिसतं.

गोकर्णीचा निळा तीनदा बदलला. तिच्या मते मी आणलेली निळी ही शाळेच्या युनिफॉर्मची निळी होती.

२२ सप्टेंबर

रंगीत चित्रांना समोरून चपडीचा पातळ हात, म्हणजे कागदाला कडकपणा येतो आणि रंग पुढे ओले होत नाहीत. पण लाखेत तिचं स्वतःचं मेण असतं, पाचेक टक्के. पुढचं पाण्यातलं व्हार्निश त्यावर नीट धरत नाही. म्हणून बरणी आठवडाभर हलवलीच नव्हती. तळाशी मळकट गाळ बसला, वरचं मधासारखं स्वच्छ द्रावण अलगद ओतून घेतलं. आईच्या अंगठ्यानंतर मी मेणाच्या बाबतीत संशयी झालोय.

२३ ते २९ सप्टेंबर

कापणे. रोज दोन तास, त्याहून जास्त नाही, डोळे बोलतात.

नखं कापायची वक्र पात्याची कात्री घेतलीये. कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा. कात्री धरलेला हात जागेवर, फक्त उघडमीट. पातं जरा बाहेर कलतं ठेवायचं, म्हणजे कड आतल्या बाजूला तिरकी कापली जाते आणि कागदाचा पांढरा काठ वरून दिसत नाही. आधी आतल्या मोकळ्या जागा, मग बाहेरची रेषा. बाहेरून आधी कापलं तर हातात धरायला काही उरत नाही.

गोकर्णीच्या वेलाचे शेंडे दाभणाएवढे बारीक आहेत. कापताना तुटतात. म्हणून दोन शेंड्यांच्या मध्ये कागदाच्या बारीक पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, ठेवून द्यायच्या आणि चिकटवायच्या क्षणी त्या छाटायच्या. लेथवर पातळ नळी कापताना आधार देतो, तीच कल्पना.

इतकं करूनही काळ्यावर पांढरी कड डोळ्यात भरते. प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून काळ्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला. एकशे चौदा तुकडे.

६ ऑक्टोबर

नवरात्र. मुहूर्त बरा म्हणून चिकटवायला घेतलं. मांडणी चार दिवस टेबलावर चालली होती. पंखा लावायला बंदी होती, ऑक्टोबर हीटमध्ये.

गव्हाच्या पिठाची खळ, त्यात चवीपुरता फेविकॉल. नुसता फेविकॉल फार लवकर धरतो, तुकडा सरकवता येत नाही. खळीत चिमूटभर मोरचूद, बुकबाइंडर घालतात तसा. त्याशिवाय कसर आणि झुरळांना ही पेटी म्हणजे मेजवानी.

मागून खळ लावल्यावर कागद दोन मिनिटं तसाच ठेवायचा. ओला झाला की तो फुगतो. फुगायच्या आधी चिकटवला तर नंतर जागेवर फुगून सुरकुत्या पडतात. मधून कडेकडे दाबत न्यायचं, मग ओल्या स्पंजने बाहेर आलेली खळ पुसायची. ही पुसण्याची पायरी कंटाळवाणी आहे आणि तिच्यात सगळं आहे. राहिलेली खळ आता दिसत नाही, व्हार्निशखाली ढगासारखी दिसते.

नागरी अक्षरांची पट्टी झाकणाच्या आत, आरशाच्या खाली लावली.

१२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा. पान्यांच्या शेजारी नखांची कात्री आणि मायक्रोमीटर. ही हसली.

संध्याकाळी पहिला हात.

व्हार्निशच्या हातांचा हिशेब इथे एकदाच मांडून ठेवतो, कारण या कलेबद्दल बोलणारे सगळे तीस हात, चाळीस हात असं जपाच्या माळेसारखं सांगतात. काचेच्या तुकड्यांवर चाचणी घेतली. चपडीचे दहा हात दिले, मायक्रोमीटरने जेमतेम ०.०६ मिमी भरले. पाण्यातल्या पॉलियुरेथेनचा, म्हणजे मी वापरतोय त्या व्हार्निशचा, एकच हात ०.०२५ च्या आसपास. म्हणजे अंतर चौपट. व्हेनिसवाल्यांकडे काय होतं? सँडरॅक नावाची उत्तर आफ्रिकेतल्या झाडाची राळ, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. तिचा थरही चपडीसारखाच पातळ. चीन-जपानची लॅकरची (झाडाच्या चिकाच्या रोगणाची) महागडी कपाटं परवडत नाहीत म्हणून कागद लावून त्यांची नक्कल करायची होती, 'लाका पोव्हेरा' म्हणजे गरिबांचं लॅकर असं नावच पडलं तिला. ०.१० मिमीचा कागद त्या पातळ राळेखाली बुडवायला तीस-चाळीस हात लागणारच. राळेचा नाइलाज होता तो, व्रत नव्हतं.

माझा हिशेब : पान, त्यावर देठ, त्यावर फूल, असे तीन थर जिथे आहेत तिथे ०.३० मिमी. भागिले ०.०२५, म्हणजे बारा हात. घासण्यात तिसरा हिस्सा जाईल. अठरा.

१३ ते १९ ऑक्टोबर

रोज एक-दोन हात. हवा कोरडी, आर्द्रता ४५-५०. एक हात आडवा, पुढचा उभा. झाकण आणि पेटी वेगवेगळी, खिळ्यांच्या टोकांवर टेकवून. आठवड्याअखेर दहा.

२० ऑक्टोबर

पहिली घासाई. ४०० नंबर, साबणाचं पाणी. घासलं की सगळं पांढुरकं होतं आणि पोटात गोळा येतो. पुसून ओलं केलं की फुलं परत येतात. सखल जागा चमकत राहतात, उंच जागा मॅट होतात. त्या चमकणाऱ्या जागा म्हणजे अजून न भरलेले खड्डे, नकाशाच म्हणा.

कडा अजून बोटाला लागतात, पण बुडायला लागल्यात.

२७ ऑक्टोबर

तेराव्या हातानंतर घासताना फोन वाजला. फोन घेतला आणि हात चालूच ठेवला. जास्वंदीची एक पाकळी पांढरी झाली, कागदापर्यंत पोचलो. हिला सांगायची हिंमत होईना. रात्री तिच्याच रंगातून लाल घेऊन बारीक ब्रशने भरली, वर चपडीचा टिपका. सकाळी ती म्हणाली, "ही पाकळी माझी नाही."

८ नोव्हेंबर

दिवाळीत चार दिवस गेले. अठरावा हात आज. १००० नंबरने शेवटची घासाई काल झाली होती, हा हात पातळ केलेला आणि एकदाच. डोळे मिटून बोट फिरवलं. पान कुठे संपतं आणि काळा कुठे सुरू होतो, कळत नाही. हिच्याकडूनही डोळे मिटून तपासून घेतलं.

१६ नोव्हेंबर

बिजागऱ्या बसवल्या. झाकण लागत नाही.

सविस्तर लिहायची लाज वाटते, पण नोंद ती नोंद. झाकणाची आतली कड पेटीच्या ओठावर उतरते. ११ ऑगस्टच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : फट, एका बाजूला ०.४ मिमी. ओठाला बाहेरून आणि झाकणाला आतून प्रायमर, काळा आणि अठरा हात मिळून प्रत्येकी ०.३ च्या वर. कागदाच्या जाडीचा हिशेब तीन दशांशांपर्यंत केला आणि क्लिअरन्स विसरलो. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसने हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर कानस मारायला लावली असती.

स्वतःलाच लावली. दोन दिवस पटाशी, कानस, वॉटर पेपर. ओठ लाकडापर्यंत उघडा केला.

१९ नोव्हेंबर

ओठाला काळा, त्यावर फक्त दोन हात. झाकण बसतं. 'टक' असा आवाज येतो, आईच्या वेळी यायचा तसा.

२२ नोव्हेंबर

पेटी दोन दिवस बंद ठेवली होती. आज उघडेना. ओठावरचं व्हार्निश कोवळं आहे, वरून वाळलं तरी आतून पुरतं पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि दोन व्हार्निश एकमेकांवर दाबून ठेवले की ते एकजीव होऊ बघतात. पत्ते खेळायचं प्लास्टिकचं पान फटीत सरकवून हळूहळू सोडवली. किंचित चराचरा आवाज झाला, गोकर्णीचं काही गेलं नाही.

परवा मांडणी आहे. तिथे शंभर बायका पेटी उघडणार. वाळायला वेळ नाही. मी टेबलाशी बसून राहिलो. हिने काही न विचारता देवघरातून मेणाची डबी आणली, बोटावर थोडं मेण घेतलं आणि ओठावरून फिरवत नेलं, चारही बाजूंनी. झाकण लावलं. उघडलं. परत लावलं. मग मेणाचं बोट कुठे पुसावं ते न सुचून, झाकणाच्या पुढच्या कडेला, मध्यावर टेकवलं.